परवा म्हणजे कधी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याची खूण येते आणि पुढे सामसूम. म्हणून हा कागद. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो.

आधीच सांगते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. वहिनींनी कळवलं की चौकशी समितीची तारीख आली आहे, २४ फेब्रुवारी. तुझं लायसन्स राहतं की जातं ते त्या दिवशी ठरणार. आणि तू म्हणे जाणारच नाहीस. "काय करायचं ते करा म्हणावं त्यांना." एकतीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोयस, आणि आता ऐन वेळी रुसून बसलास होय. लायसन्स गेलं तर तू करणार काय? तुला धड बाजारातून भाजी आणता येत नाही.

तुझा राग माझ्या अहवालावर आहे, हे मला कळतं. पण मला सांग, मी दुसरं काय लिहायला हवं होतं? तुमच्या कंपनीतले मेकॅनिक ज्या टॅबवर कामाच्या नोंदी करतात, ते ॲप माझं. अपघात झाल्यावर नोंदी काढून द्यायला मलाच बोलावणार. मी काढल्या. १० नोव्हेंबर, सकाळी अकरा वीस, तुझ्या लॉगिनमधून: 'ब्रेक लायनर बदल, १४ नोव्हेंबर. लिफ्ट बंद.' १२ नोव्हेंबर, दुपारी चार दहा, पुन्हा तुझ्याच लॉगिनमधून: 'दरवाजा दुरुस्त. लिफ्ट चालू.' आणि त्याच संध्याकाळी साडेसहाला सहा माणसं घेऊन लिफ्ट पाचव्या मजल्यावरून घसरली ती तळाशी जाऊन आदळली. पाच जणांना मुका मार आणि पाचव्या मजल्यावरच्या शिवणाच्या बाईंचा पाय मोडला.

म्हणजे ब्रेक खराब आहे हे तूच लिहिलंस आणि दोन दिवसांनी तूच लिफ्ट चालू केलीस. कागद तर हेच म्हणतो. तू भाऊ म्हणून मी त्यात खाडाखोड करायची होती का? मी लिहिलं, 'प्रणालीत दोष आढळला नाही. वापरणाऱ्याची चूक.' आमच्या धंद्यात हे शब्द दिवसातून दहा वेळा लिहिले जातात. तुझ्याबद्दल ते लिहायला मला अख्खी दुपार लागली, हे मात्र अहवालात कुठे लिहायची सोय नव्हती.

आणि तुझा पासवर्ड. तो तू हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलायस, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा, त्यात आकडा हवा, चिन्ह हवं, आणि तीन मिनिटं हात लावला नाही की टॅब पुन्हा पासवर्ड मागणार, हे सगळं मी तुमच्या भल्यासाठी केलं होतं. तू म्हणालास, "कुलूप, माझे हात ग्रीसने माखलेले असतात, तुझी ती चिन्हं मी काय नाकाने दाबू?" मी हसले आणि नियम तसाच ठेवला.

लहानपणी कंपासपेटीला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली, तेव्हापासून तू मला कुलूप म्हणतोस. ते तू तारेचा आकडा घालून अर्ध्या मिनिटात उघडलंस आणि म्हणालास, असल्या कुलपाने चोराला काही होत नाही, मालक तेवढा बाहेर राहतो. हे मला आज का आठवलं कोण जाणे.

२४ तारखेला जा. एवढंच सांगायचं होतं.

कुलूप


८ फेब्रुवारी, रविवार

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल त्या इमारतीत गेले होते. कशाला गेले ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. लिफ्ट दुसऱ्या कंपनीने दुरुस्त केली आहे, चालूही आहे. मी जिन्याने गेले. पाच मजले चढताना गुडघ्यांनी माझे कान उपटले.

शिवणाच्या बाईंनी दार उघडलं ते काठी टेकत. प्लास्टर निघालंय पण पाय अजून जमिनीवर पूर्ण ठेवत नाहीत. घरभर कापड, खिडकीपाशी मशीन, आणि मशीनचं पायडल चालवायला समोरच्या घरातली एक शाळकरी मुलगी येऊन बसली होती. बाई कापड सरकवतात, मुलगी पाय मारते, आणि वेग चुकला की दोघी एकमेकींवर खेकसतात. मी कोण ते सांगितलं. वाटलं, आता दार तोंडावर आपटणार.

त्या म्हणाल्या, "लिफ्टवाल्यांच्या बहीण का? बसा. चहा कोराच आहे, दूध संपलंय."

मग त्यांनी त्या दुपारचं सगळं सांगितलं. दोन दिवस लिफ्ट बंद, बाई खाली अडकलेल्या, कापडाचं गाठोडं घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या. तू दरवाजाच्या तक्रारीसाठी आलास, वर मशीन रूममध्ये गेलास, खाली आलास. दरवाजा नीट केलास. मग सगळ्यांना बाहेर उभं करून एकटा आत शिरलास, पेटी घेऊन, आणि वर-खाली दोन फेऱ्या मारल्यास.

"मी म्हटलं, अहो, माणसं खोळंबली आहेत, तुम्ही काय झोके घेताय," बाई म्हणाल्या. "तर तुमचा भाऊ म्हणाला, बाई, पहिली फेरी आपली. दुरुस्त करणाऱ्याने आधी बसायचं, मग दुसऱ्याला बसवायचं. आणि म्हणाला, ब्रेकसुद्धा परवाच बदललाय, आता निवांत जा."

दादा, हे ऐकून माझं डोकं फिरलं. ब्रेक बदललाच नव्हता. बाईंच्या तोंडावर इतकं धडधडीत खोटं? मी तसं बोलूनही दाखवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

बाईंनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, "माझा पाय मोडलाय, तुमचा नाही. तरी मी सांगते. खोटं बोलणारा माणूस त्या लिफ्टमध्ये आधी स्वतः बसेल का हो? दोनदा?"

जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर तोच प्रश्न होता. तू त्रासदायक आहेस, हट्टी आहेस, उत्तरं देत नाहीस. पण खराब ब्रेकवर दोन फेऱ्या मारण्याइतका तू मूर्ख नाहीस. मग तू 'परवाच बदललाय' का म्हणालास?

वहिनींना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "तो अपघातानंतर दोनदा डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. तरी त्याला वाटतं आपल्याला नीट दिसत नाही." मग म्हणाल्या, "वन्सं, अहवाल लिहायच्या आधी त्याला एकदा विचारायचं तरी."

मी म्हटलं, नोंदी समोर होत्या, विचारायचं काय. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य माझं मलाच ऐकवेना.

कुलूप


१० फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

आता हे पत्र फाडू नकोस. बाकीची फाडलीस तरी चालेल.

काल ऑफिसातून मेकॅनिकचा टॅब मागून घेतला, तारीख मागे नेऊन १२ नोव्हेंबर केली आणि त्या इमारतीच्या मशीन रूममध्ये जाऊन उभी राहिले. चौकीदाराने किल्ली दिली, वर चढून आला आणि मी काय करते ते बघत राहिला. पिवळा दिवा, तेलाचा वास, आणि मी, हे ॲप बनवणारी, ते पहिल्यांदाच लिफ्टपाशी उघडत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

स्क्रीनवर काय होतं ते तुला माहीतच आहे. मला काल कळलं.

'ब्रेक लायनर बदल: परवा. लिफ्ट बंद.'

मी तिथेच पायरीवर बसले.

अहवालासाठी मी नोंदी काढते त्या कागदावर. कागदावर पूर्ण तारीख छापून येते, १४ नोव्हेंबर. तुमच्या स्क्रीनवर तारीख येत नाही, शब्द येतो: काल, आज, उद्या, परवा. १२ तारखेला पाहिलं तर १४ तारीख म्हणजे परवा. येणारा परवा. आणि तू वाचलास तो गेलेला परवा. ब्रेक परवा बदलला, म्हणजे १० तारखेला. लिफ्ट दोन दिवस बंद, तेही जुळलं. काम झालं आणि कोणीतरी मेन स्विच लावायला विसरलं, असं कोणालाही वाटेल. चौकीदाराला मी स्क्रीन दाखवून विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "परवा बदलला की. का हो, नाही का बदलला?"

झालेलं काम हिरव्या अक्षरात आणि व्हायचं काम केशरी अक्षरात दिसेल, अशी सोय मी केली होती. त्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही रंग शेवाळासारखे दिसतात. माझ्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली, ते अगदी छान वेगळे दिसतात.

आता तुला एक आठवण करून देते, आणि मला ती देताना बरं वाटत नाहीये. ते शब्द मी तुझ्यासाठी घातले होते. तू जेवायला आला होतास आणि टॅबवरच्या तारखांवर करवादत होतास. "बारा-अकरा काय, अकरा-बारा काय, महिना कुठला, दिवस कुठला. माणसासारखं बोलायला शिकव की त्याला. आज, उद्या, परवा." मी दुसऱ्याच दिवशी बसले आणि करून टाकलं. वापरायला सोपं झालं म्हणून तुमच्या सगळ्या मेकॅनिकांनी माझं कौतुक केलं. मी हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू.

टेस्टही लिहिल्या होत्या. तुला सांगते त्या कशा असतात. मी यंत्राला विचारते, दोन दिवस पुढे असेल तर काय म्हणशील? ते म्हणतं, परवा. बरोबर, हिरवी खूण. दोन दिवस मागे असेल तर? परवा. बरोबर, हिरवी खूण. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, दादा. आपली भाषा तसंच बोलते. बोलताना आपण 'परवा गेलो' किंवा 'परवा जाईन' म्हणतो आणि क्रियापद सगळं सांभाळून घेतं. मी क्रियापद काढून टाकलं, स्क्रीनवर जागा कमी होती म्हणून. 'बदल' एवढंच ठेवलं. बदलला की बदलायचा, हे कोणी सांगायचं?

चूक करणारी मी, टेस्ट लिहिणारी मी आणि चौकशीचा अहवाल देणारीही मीच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. चोराला निदान आपण चोर असल्याचं माहीत तरी असतं.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तू टॅब उघडून पाहिलं असशील. पाहिलंच असशील. तेव्हा तिथे 'परवा' नव्हतं. तारीख एक दिवसाने जवळ आली होती, म्हणून तिथे 'उद्या' होतं. तुला वाटलं असेल, काल आपण 'परवा बदलला' असं कसं वाचलं? वाचलंच नाही का? म्हणून तू डोळे तपासायला गेलास. एकदा नाही, दोनदा. शब्द माझ्यामुळे बदलत होता आणि तू शंका घेत होतास स्वतःच्या डोळ्यांवर.

आमच्या साहेबांना दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत. स्क्रीन जवळ घेऊन पाहिली आणि म्हणाले, "हा दोष नाही हो, हा भाषेचा प्रश्न आहे. आणि पहिली नोंद त्याच्याच लॉगिनमधून आहे. ज्याने स्वतः १४ तारीख टाकली, तो परवाचा अर्थ कसा चुकेल?"

इथे मी अडकले. कारण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. १० तारखेची नोंद तू केली असशील, तर तू चुकूच शकत नाहीस. दादा, ती नोंद तू केली होतीस का? एका शब्दात उत्तर दे.

तुझी कुलूप


१५ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. माझ्या दाराने दिलं.

आज सकाळी कडी नीट बसेना. स्क्रू ढिले झालेत. वाकून बघितलं तर पट्टीच्या आतल्या कडेला, रंगाखाली जाईल अशा जागी, खिळ्याने ओरखडलेले आकडे. तुझी सवय मला चांगली माहीत आहे. जो भाग बसवशील त्यावर तारीख कोरशील. मशीनवर, दोराच्या पकडीवर, वहिनींच्या कुकरच्या मुठीवरसुद्धा. मी बॅटरी आणून वाचलं. दहा, अकरा, आणि वर्ष पूर्ण चार आकडी.

१० नोव्हेंबर. सोमवार. मी कचरा टाकायला बाहेर आले आणि दार मागे बंद झालं. किल्ली आत, फोन आत. शेजारणीच्या फोनवरून तुला फोन केला आणि तू अर्धी रजा टाकून आलास. सकाळी दहा वाजता आलास आणि जेवून दोन वाजता गेलास. कुलूप काढलंस, नवी कडी बसवलीस, दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवलीस आणि म्हणालास, "सुरक्षेच्या गप्पा मारणारी बाई, जिन्यात चपला न घालता उभी."

म्हणजे अकरा वीसला तू माझ्या दाराशी गुडघ्यावर बसला होतास. मी तुझ्या हातात स्क्रू देत होते. आणि तीच मी, नंतर, कागदावर तुझं नाव बघून लिहिते की अकरा वीसला तू दुसरीकडे नोंद करत होतास. माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मला आठवलं नाही, कारण लॉगिन वेगळं सांगत होतं. हे मी कोणाला सांगू? लोक हसतील. हसायलाच हवं.

दुपारी उंटाच्या घरी गेले. तुझा जोडीदार, मला बघून दारात आणखी उंच झाला. मी काही विचारायच्या आतच त्याने खाट दाखवली आणि म्हणाला, "ताई, मी रोज ठरवतो आणि रोज धीर होत नाही."

त्या सोमवारी तू माझ्याकडे आलास, टॅब त्याच्याकडे राहिला. त्याने ब्रेक पाहिला, लायनर झिजलेला, नवा शुक्रवारी मिळणार होता. त्याने लिफ्ट बंद केली, नोंद टाकली. त्याचं काम चोख होतं. टॅब तुझ्या लॉगिनवरच होता, आणि पेटीच्या झाकणात पासवर्ड होताच. संध्याकाळी त्याला ताप भरला तो गुरुवारी उतरला. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"मी सांगायला निघालो होतो. तुमच्या भावाने अडवलं. म्हणाला, दुसऱ्याचं लॉगिन वापरलं तर दोघांची नोकरी जाते, नियम आहे. एकाची जाणारच आहे, दुसऱ्याची कशाला?"

तो नियम मी लिहिला होता, दादा. सुरक्षा कडक हवी म्हणून. तीन मिनिटांत बंद होणारा टॅब दिला, ग्रीसच्या हातांनी चिन्हं दाबायला लावली, वर म्हटलं आपापलं लॉगिन वापरा नाहीतर घरी जा. नाकापेक्षा मोती जड झाला. मग तुम्ही काम करायचं म्हणून वाट काढलीत, आणि त्या वाटेवर तुमच्या खऱ्या चांगुलपणाची नोंदच राहिली नाही. कोणी काय केलं हे कळावं म्हणून लॉगिन असतं. माझ्या कडकपणामुळे तेच कळेनासं झालं.

तू माझ्याशी का बोलत नाहीस हे मला आत्ता कळलं, असं मला वाटतं. मी चुकीचं लिहिलं म्हणून नाही. मी विचारलं नाही म्हणून. एक फोन. "दादा, हे तू केलंस का?" तू उंटाला वाचवायला कदाचित तरीही गप्प बसला असतास. पण मी विचारलं असतं.

माफी मागायला लिहीत नाहीये, असं पहिल्या पत्रात म्हटलं होतं. ते वाक्य मागे घेते. दादा, मला माफ कर.

कुलूप


२२ फेब्रुवारी, रविवार

दादा,

'परवा ये' असं लिहिणार होते, जीभ चावली. मंगळवार, २४ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता. दुसरा मजला, उजवीकडची खोली. वेळेआधी दहा मिनिटं ये.

नवा अहवाल मी समितीला शुक्रवारी दिला. त्यात तीन गोष्टी आहेत. स्क्रीनवरचा शब्द, मशीन रूममधल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोंसकट. टेस्ट, ज्या हिरव्या होत्या आणि तरी निरुपयोगी होत्या. आणि माझ्या दाराच्या कडीचा फोटो. पहिला अहवाल चुकीचा होता आणि तो मी लिहिला होता, असं सुरुवातीलाच लिहिलंय. उंट येऊन सांगणार आहे. त्याला घाम फुटतो, पण येणार आहे.

साहेबांना आधी कळवलं होतं. त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, पण ती लिफ्टची कंपनी आपल्याकडचं काम काढून घेईल हो." मग म्हणाले, काही दिवस घरी राहा, पुढचं बघू. चौदा वर्षं बसले त्या खुर्चीवरून पाण्याची बाटली तेवढी उचलून आणली. तुझ्यासमोर रडगाणं गात नाहीये. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं तीन महिने तुझं चाललं होतं. आता सुई निदान म्हशीला तरी टोचली.

एक गोष्ट मात्र तुला ऐकावी लागेल. तुझ्या बाजूचीही एक चूक अहवालात आहे. बंद ठेवलेली लिफ्ट चालू करण्याआधी उंटाला एक फोन करायला हवा होता. आणि पहिली फेरी. नियम सोन्यासारखा आहे, पण तू एकटा बसलास, बरोबर पेटी. त्या वजनाला झिजलेला ब्रेकही धरतो. सहा माणसं बसल्यावर खरी परीक्षा झाली. तुझीही टेस्ट हिरवी आली, दादा. आपल्या घराण्यातच आहे ते. मी निदान यापुढे तुझा अर्धा नियम घेणार आहे: जे बनवीन ते आधी स्वतः वापरीन, पण जिथे ते वापरतात तिथे जाऊन, ग्रीसच्या हातांनी.

लोखंडावर तू कधी 'परवा' कोरत नाहीस. पूर्ण तारीख कोरतोस, वर्षासकट. बोललेला शब्द त्या दिवसापुरता असतो आणि लोखंड राहतं, हे तुला न शिकता कळत होतं. मला सांगितलं असतंस तर. पण तू तर जेवताना बोलत होतास, आणि मी ते लोखंडावर कोरलं.

ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. शेजारी बसू नकोस. पण ये.

कुलूप


१ मार्च, रविवार

दादा,

मंगळवारी तू आलास. मागच्या खुर्चीवर बसलास, इस्त्रीचा शर्ट घालून. तो शर्ट वहिनींनी तुला बळेच घातला असणार. समितीने विचारलं तेव्हा तू दोनच वाक्यं बोललास. "स्विच मी लावला. जोडीदाराला विचारायला हवं होतं." उंट पाच मिनिटं बोलला आणि नंतर पाणी मागून प्यायला. शिवणाच्या बाई काठी टेकत आल्या होत्या, कोणी बोलावलं नसताना. त्यांनी समितीच्या अध्यक्षांना टॅब दाखवून विचारलं, "वाचा बरं तुम्ही, ब्रेक बदललाय का बदलायचाय?" ते चष्मा वर-खाली करत राहिले. मला वाटतं तुझं लायसन्स तिथेच वाचलं.

दोन महिने एकट्याने काम करायचं नाही, एवढ्यावर भागलं. उंटाला ताकीद, आणि तो लॉगिनचा नियम रद्द. स्क्रीनवर आता पूर्ण तारीख येते, आणि 'बदलला' किंवा 'बदलायचा'. ते मी घरून करून पाठवलं, अजून नोकरी आहे की नाही माहीत नसताना. साहेबांनी एका शब्दाने कळवलं, 'मिळालं.' यावरून काही कळत नाही.

तू जिन्यावरून माझ्या आधी उतरून गेलास. मी हाक मारली नाही.

आज पत्रपेटी उघडली. आठवड्यातून एकदाच उघडते. आत बिलाच्या पाठीमागे तुझं अक्षर. एकच ओळ.

'कडीचे स्क्रू: परवा.'

तारीख नाही. क्रियापद नाही. हे तू मुद्दाम केलंयस. जिन्यात उभी राहून इतकी हसले की शेजारण बाहेर आली, आणि मग मला रडू आलं तेव्हा ती आत गेली.

चिठ्ठी कधी टाकलीस? बुधवारी, की काल? येऊन गेलास की येणार आहेस? शुक्रवारी दुपारभर मी घरी नव्हते आणि दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे. नोंदीवरून काहीच ठरत नाही. म्हणून या वेळी नोंदीवर विसंबले नाही. वर आले, वाकले आणि एकेक स्क्रू बोटाने फिरवून बघितला. अजून ढिले आहेत, चारही.

म्हणजे व्हायचंय.

मी रोज घरीच असते. दार नुसतं लोटून ठेवलंय.

कुलूप